शिंक्याचा लिलाव

एकोडीच्या बेबीबाईला लिलाव ठाऊक होता तो शारदेच्या मांडवातला. विसर्जनाच्या आधी देवीपुढे आलेली लुगडी, नारळ, वेलीवरचा पहिला भोपळा, कुणाच्या हातचं विणलेलं काही, सगळं एकेक करून वर धरायचं आणि बोली लावायची. वस्तूची किंमत तिथं कुणी बघत नसे. बोली चढायची ती घराच्या मानासाठी. ज्या घरची वस्तू, त्या घरचे सोयरे हटून बोली वाढवायचे आणि पैसे पुढच्या शारदेपर्यंत सावकाश द्यायचे. एखाद्याचा नारळ पहिल्याच बोलीवर सुटला, तर ते घर कितीतरी दिवस तोंड लपवून वावरायचं.

बेबीबाई नवी नवरी असताना सासऱ्याने तिच्या हातचं शिंकं देवीला वाहिलं होतं. वर धरलं तेव्हा मांडव गप्प. नव्या सुनेचं शिंकं, कोण बोलणार? तेवढ्यात मागून तिच्या भावाचा, बाबुलालचा आवाज आला. सानगडीहून चालत आला होता तो, अंगाला अजून तलावाच्या चिखलाचा वास. त्याने बोली अशी चढवली, की पुढे बसलेली मोठी माणसंही माना वळवून बघू लागली. त्या दिवसापासून सासरी तिला कुणी "ए पोरी" म्हणून हाक मारली नाही.

तेव्हा घरोघर शिंकी होती. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी असायची. तिच्या पेंढ्या तलावाच्या कडेला कुजत घातल्या की वास गावभर फिरायचा, पण कुणी नाक मुरडत नसे. साल सोलायची, धुवायची, वाळवायची आणि मांडीवर वळून तिची दोरी करायची. बेबीबाईसारख्या ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या बायकांचे हात जाळ्याच्या गाठींना सरावलेले, म्हणून त्यांच्या शिंक्यांना मागणी फार. दूध, दही, रात्रीचं कालवण, सगळं मांजरापासून वाचवून वर टांगलेलं असे. मग घरात फ्रिज आले, जाळीही नायलॉनची विकत मिळू लागली. बेबीबाईची बोटं मोकळी झाली ती तशीच राहिली.

ती पुन्हा कामाला लागली सुनेमुळे. मुलगा अमर तापाने गेला, त्याला दोन पावसाळे झाले होते. रेणूच्या भावाने, राजकुमारने, तिच्यासाठी नागपूरला मसाल्याच्या कारखान्यात काम पाहून ठेवलं होतं. रेणूने सासूला तोंडावर सांगितलं होतं, "आई, धान कापेपर्यंत शिंकी विकून पाहातो. विकली तं राहातो. नाही तं खुशीले घेऊन जातो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच बेबीबाईला ते जास्त लागलं. ह्या दोघी, सून आणि नात, गेल्या, तर त्या घरात बोलायला तिला फक्त भिंती उरणार होत्या.

हातच्या वस्तूंचा लिलाव करणारी एक साइट रेणूने मोबाइलवर शोधली होती. शहरातले लोक शिंक्यात झाडाची कुंडी टांगतात, असं तिने सांगितलं, तेव्हा बेबीबाई हातातली दोरी खाली ठेवून बघतच राहिली.

"कायले वं? झाडाले का मांजर खाते?"

"शोभेसाठी, आई."

"शोभा तं जमिनीवरच्या झाडाले बी असते. पन घेतात तं घेऊ दे बापा."

लहान शिंकी गेली. प्रत्येकावर एखाददोन बोली लागल्या, पैसे आले, घेणाऱ्यांनी चार चांगले शब्द लिहिले. ते रेणूने वाचून दाखवले. मग पुण्याच्या रिता मॅडमचा निरोप आला. त्यांचं अशाच वस्तूंचं दुकान होतं. एखादं मोठं शिंकं लिलावात घेऊन पाहते, म्हणाल्या. पसंत पडलं तर दर महिन्याला मागवीन.

बेबीबाईने तीन मजली शिंकं विणलं. येनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात दोरी बुडवून तिला तो जुना तांबूस रंग आणला. तिची सासू जाळ्यांना द्यायची तो. रेणूने फोटो काढले, लिलावाला ठेवलं, नातेवाइकांनाही कौतुकाने पाठवलं.

"आता सगळं या शिंक्यावर हाये, आई. मॅडमनं घेतलं तं मी नागपूरले कायले जाऊ?"

दुसऱ्या दिवशी कापणीला निघताना तिने मोबाइल पाहिला. रिता मॅडमची बोली लागली होती. फक्त तेवढीच.

"एकच?" बेबीबाईने विचारलं.

"एकच पुरते. त्याइलेच तं द्याचं हाये."

सून गेली, पण बेबीबाईच्या मनातून तो 'एकच' जाईना. पोरगी आपली समजूत काढते आहे, असं तिला वाटलं. एवढ्या जगासमोर शिंकं वर धरलेलं आणि मांडव गप्प. तिने आपला बटणांचा फोन घेतला आणि सानगडीला लावला.

"भाऊ, माह्या शिंक्यावर एकच बोली हाये."

"काहून वं? आमी मेलो का?" बाबुलालचा आवाज म्हातारा झाला होता, पण चढायचा तसाच.

"रेणूनं तुह्या पोराच्या, घनश्यामच्या फोनवर धाडलं हाये थे. पाह्य ना जरासं."

"पाहाचं का त्यात. तू च्या पी अन् चूप बस."

संध्याकाळपासून आकडा हलू लागला. रोज रेणू कापणीवरून येऊन पाहायची आणि तिचे डोळे मोठे व्हायचे. रिता मॅडम काही वेळ मागोमाग चढल्या, मग थांबल्या. तरी आकडा चढतच होता. दोन माणसं एकमेकांपुढे मागे हटत नव्हती.

"एवढ्यात तं लोक गाय घेतात, आई," रेणू हसली. मग तिने आकडा पुन्हा पाहिला. "कोन हायेत हे?"

बेबीबाई तांदूळ धूत होती. तिने मान वर केली नाही. तोंडावरचं हसू सुनेला दिसू नये, म्हणून पदर मात्र पुढे ओढला.

लिलाव संपला. ज्याच्या नावावर शिंकं सुटलं, त्याने पैसे भरले नाहीत. त्याच्या खालच्यानेही भरले नाहीत. मग साइटवाल्यांचा संदेश आला. दोन्ही बोल्या विकणारीने स्वतः पाठवलेल्या लिंकवरून, तिच्या ओळखीच्यांनी लावल्या होत्या. आपलीच माणसं लावून भाव चढवणं ही फसवणूक आहे, म्हणून खातं बंद केलं आहे. रिता मॅडमनेही लिहिलं होतं, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. रेणूने दोन्ही निरोप ओसरीवर बसून वाचले, मोठ्याने. बेबीबाईच्या हातात अर्धी गाठ तशीच राहिली. आपली माणसं लावली, हे तर खरंच होतं. मांडवात त्याला मान म्हणत. इथे त्याला जे नाव होतं, ते तिने आयुष्यात स्वतःसाठी कधी ऐकलं नव्हतं. सांगावं म्हणून तिने रेणूला हाक मारली, आणि खुशीला जेवायला वाढ, एवढंच म्हणाली.

सांगायची वेळ बाबुलालनेच आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो घनश्यामच्या मोटारसायकलवरून उतरला. डोक्याला नवा दुपट्टा, हातात नारळ, पिशवीत बहिणीसाठी लुगडं. "संध्याकाळी नेतो बाबाले," म्हणून घनश्याम पुढे साकोलीला गेला.

"कुठं हाये माहं शिंकं?" म्हातारा दारातूनच म्हणाला. "घनश्याम अन् त्याचा दोस्त, दोघंबी असे भिडले, असे भिडले..."

रेणू उभी राहिली. "मामाजी, तुमी लावली बोली?"

"मंग का दुसऱ्याच्या घरी जाऊ द्याचं? बहिनीच्या हातचं हाये. पैशाची फिकर नको करू, पोरी. शारदा बसेपर्यंत देतो."

"पैशाचं नाही जी, मामाजी."

"मंग कशाचं?"

"त्याइले नको बोलू," बेबीबाई म्हणाली. "मीनं फोन केल्ता."

रेणू तिच्याकडे वळली. "कवा?"

"तू कापनीले गेल्तीस तवा."

"मी सांगतलं होतं ना, एकच पुरते म्हनून?"

"सांगतलं होतं."

रेणूने मोबाइल काढून पुण्याला लावला आणि सासूच्या कानाशी धरला. बेबीबाईने मांडव सांगितला, भाऊ सांगितला, मान सांगितला, सुनेचा दोष नाही हे दोनदा सांगितलं. पलीकडून रिता मॅडम शांतपणे ऐकत होत्या.

"आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण बोली आवाक्याबाहेर गेली म्हणून मी दुसरीकडे मागणी देऊन बसले. वर्षभराची आहे ती."

बेबीबाईने फोन परत दिला. रेणूला सगळं ऐकू गेलं होतं.

पाहुणा उपाशी जायचा नव्हता. बेबीबाईने पाट मांडला, भात आणि माशाचं कालवण वाढलं. रेणू अंगणात गेली होती. तिचा आवाज आत स्पष्ट येत होता.

"दादा, थे काम हाये का अजून? ... हो, येतो. खुशीच्या शाळेचं बी पाहून ठेव."

बाबुलालचा घास ताटातच राहिला. "कुठं चालली थे?"

"नागपूरले."

"पाहुनी?"

"राहाले."

त्याने ताट पुढे सारलं. मग उठू लागला, तशी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "जेव भाऊ. ताटावरून उठू नये."

रेणू आत आली. डोळे कोरडे होते. तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि पळी उचलली.

"मामाजी, कालवन वाढू?"

त्याने ताटावर आडवा हात धरला. बेबीबाईला विचारायचं होतं, कोणत्या दिवशी निघणार. ते तिच्याने विचारवलं नाही.

"खुशीले हाक मार," ती म्हणाली. "भात निवून राह्यला."