पाणपोईचं शेत

आबांचं तेरावं झालं न झालं, तोच माझ्या दोन्ही भावांना दानधर्माचा पुळका आला.

कारण काय, तर आबांचा कागद! कात्रजच्या वाटेवर आमची पाणपोई आहे. तिच्यासाठी आबांनी वारज्याचं शेत लावून दिलं होतं आणि कागदात लिहवून घेतलं होतं, 'जो पाणपोई चालवील, त्याने शेत खावे.' झालं! थोरला हिंदुराव म्हणे, पाणपोई मी चालवतो. धाकटा मच्छिंद्र म्हणे, मी.

चालवत होते मी. नवरा पानिपताला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून माहेरी आहे, बारा वर्षं. विहिरीतून पाणी ओढायचं, रांजण भरायचे, वाटसरूंच्या ओंजळीत ओतायचं. त्या शेताच्या जोंधळ्यावरच माझं पोट. शेत गेलं की मी भावजयांच्या दारात. आणि त्या दोघी मला किती दिवस ठेवतील, हे मी चांगलं ओळखून आहे.

पाणपोईजवळच्या चिंचेखाली पंच बसले. मी माझं सगळं सांगितलं. कारकुनानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाई, यात 'जो' लिहिलंय. 'जी' नाही."

अरे वा! बारा वर्षं दोर ओढून तळहातांना घट्टे पडले, ते काही याच्या कागदात बसेनात. पण भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. मी रांजणाला टेकून बसून राहिले.

ऊन चढलं. पंचांतले म्हातारे आप्पासाहेब म्हणाले, "आधी घोटभर पाणी तरी द्या कोणीतरी."

रांजण कोरडे होते. सकाळपासून मी पंचांपुढेच बसलेली, भरणार कोण? या खेपेला मी उठले नाही. दोघे भाऊ एकमेकांना ढकलत विहिरीकडे धावले आणि तिथंच घुटमळत राहिले. मग हिंदुराव ओरडला, "तुळजे, पोहरा कुठं असतो गं?"

पंच एकमेकांकडे बघायला लागले.

"लिहा," आप्पासाहेब कारकुनाला म्हणाले. "तुळजाबाई हयात आहे तोवर शेत तिचं. तिच्या पश्चात दोघा भावांनी निम्मं निम्मं घ्यावं."

खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. पदरानं डोळे पुसतेय तोच मच्छिंद्र पुढे आला. याला मी कडेवर वागवलाय, भरवलाय.

"पश्चात म्हणजे," त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "साधारण कधी धरायचं?"

संताप तोंडापर्यंत आला होता. पण दमले होते हो मी. उठले, विहिरीमागे ठेवलेला पोहरा काढला आणि दोर बांधायला लागले.

"मला अशीच एकटीला पाणी ओढू दे, मच्छिंद्रा," मी म्हटलं. "फार वाट बघावी लागायची नाही तुला."