दिवसपाळीचं भूत

मोकाशींच्या मागच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मल्हारगंजातली अर्धी गल्ली आत होती, उरलेली भिंतीवर चढून बसली होती. मधोमध डोळ्यांना काळी पट्टी बांधलेले रघुवीर महाराज खडावा वाजवत चालत होते आणि त्यांचा चेला परेश मागून ओरडत होता, "हटो भिया, रस्ता दो. महाराज से जमीन बात कर रही है."

जमीन तीन ठिकाणी बोलली. महाराज तीनदा थबकले, तीनदा थरथरले आणि तिन्ही जागी परेशने कुदळ घातली. तिन्ही खड्ड्यांतून तेच निघालं. कोळसा, खडेमीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ आणि तळाशी तांब्याचा जाड पत्रा.

"तीन पत्रे, तीन जान," महाराज म्हणाले. "एक बुजुर्ग की, एक बेटे की, एक बच्ची की. गाडनेवाला घर का ही है."

बायकांनी पदर तोंडाला लावले. बँकेत अधिकारी असलेल्या एका गृहस्थांनी शूटिंगसाठी मोबाइल उंच धरला. मला तिथेच किळस आली आणि पुढचे चार दिवस ती गेली नाही.

मी इरावती. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. दीड वर्षापूर्वी नांदेडहून इंदूरला नोकरीला आले आणि मोकाशींच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. त्या खड्ड्यांत काय आहे हे मला ठाऊक होतं, कारण ते भरले तेव्हा मी गॅलरीत चहा पीत उभी होते. आठ महिन्यांपूर्वी गच्चीवर सोलर बसलं, त्याचं ते अर्थिंग. एक खड्डा पॅनेलच्या फ्रेमसाठी, एक इन्व्हर्टरसाठी, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या तडितरक्षकासाठी. मीठ आणि कोळशाने ओल टिकते. मग धातूत उतरलेला करंट त्या पत्र्यातून जमिनीत जातो, माणसातून जात नाही. ठेकेदाराने कामचुकारपणा करून खड्डे जेमतेम कमरेइतकेच खणले होते, म्हणून परेशला फार घाम गाळावा लागला नाही.

जागा कशी सापडली म्हणाल, तर पाणी घालायच्या पाइपांची तोंडं जमिनीतून वीतभर वर आलेली होती. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंनी आपले पाय आणि पुढची हातभर जमीन स्वच्छ दिसते. घरी करून बघा.

हे सगळं मी तिथल्या तिथे मोठ्याने सांगितलं.

"मॅडम, ते किताबातलं झालं," नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचे घरमालक, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना चक्कर येत होती, दोनदा पडलेही होते. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगून शेव बंद करायला लावली. शेव सोडण्यापेक्षा घरात करणी झाली आहे असं मानणं नानांना सोपं गेलं.

त्यांच्या पत्नी लीलाबाई पुढे झाल्या. स्वयंपाकघराच्या पायरीवर त्यांची सून संहिता उभी होती, तिला त्यांनी विचारलं, "हे मीठ, कोळसा कोणी आणला होता गं?"

"मीच आणला, सियागंजच्या बाजारातून," संहिता म्हणाली. "ठेकेदाराने लिस्ट दिली होती ना."

"आणि दर शनिवारी तिथे पाणी कोण घालतं?"

"मीच. गर्मीत ओल राहायला पाहिजे म्हणून."

दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्ही उत्तरांनी गर्दी मागे सरकली. संहिताचा नवरा उन्मेष शेजारीच उभा होता. ठेकेदाराच्या कागदांवर सही त्याची. ती लिस्ट त्यानेच वाचून दाखवली होती. त्याने मान खाली घातली आणि मोबाइल बघत राहिला.

निवाडा महाराजांनी दिला. गुरुवारी परीक्षा. सून दोषी ठरली तर तिने देवासला माहेरी जायचं, कायमचं. तिची पाच वर्षांची मुलगी स्वानंदी मात्र इथेच राहील, कारण बच्चीवर सावली पडता कामा नये. तिन्ही पत्रे नर्मदेत विसर्जनासाठी म्हणून परेशने पोत्यात भरले.

सोमवारी दुपारी लीलाबाई गच्चीवर ओले कपडे वाळत घालत होत्या. अनवाणी. हात पॅनेलच्या फ्रेमला लागला आणि झिणझिण्या थेट कोपरापर्यंत गेल्या. खड्ड्यातली बाधा गच्चीवर चढली, अशी बातमी संध्याकाळच्या आत गल्लीभर झाली.

मी पुन्हा समजावलं. इन्व्हर्टर चालू असताना थोडासा करंट फ्रेमवर येतच असतो. आजवर तो जमिनीत जात होता, आता तुम्ही त्याची वाटच खणून काढली. आज झिणझिण्या आहेत, उद्या एखादी केबल कुठे सोलली गेली तर जीव जाईल.

"पण मॅडम, दिवसाच येतं ते," लीलाबाई म्हणाल्या. "ऊन उतरलं की काहीच नाही. मी हात लावून बघितला ना."

सोलर म्हणजे काय हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, फक्त त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. महाराजांनी फोनवरून खुलासा केला, "ये दिन का प्रेत है, सूरज के साथ ड्यूटी करता है." दिवसाला किती युनिट वीज झाली हे मोबाइलवर बघणाऱ्या घराने हे मान डोलवत ऐकून घेतलं.

गुरुवारी भर दुपारी गच्चीवर पुन्हा तीच गर्दी. शुद्धीच्या नावाखाली परेशने बादल्यांनी पाणी ओतलं. महाराजांनी लाकडी खडावांवर उभं राहून फ्रेमवर तळहात ठेवला आणि हसले. "जिसका मन साफ, उसको कुछ नहीं." आता संहिताने आंघोळ करून, ओल्या साडीत, अनवाणी यायचं. दोन्ही हातांनी फ्रेम धरायची आणि तीनदा म्हणायचं, मी केलं नाही. किंचाळली तर गुन्हेगार.

मी पोलिसांना बोलावते म्हटलं. नाना म्हणाले, घरगुती मामला आहे. जिन्यात उन्मेषला गाठलं. "तुम्हाला सगळं माहीत आहे ना?"

"मॅडम, एकदा होऊन जाऊ द्या. आईला तसल्ली होईल."

त्याच्या कानाखाली वाजवायला माझा हात खरोखर उचलला गेला होता. त्याऐवजी मी खाली गेले, इन्व्हर्टरचे दोन्ही स्विच बंद केले, वर येऊन गर्दीच्या मागून फ्रेमला उलट्या हाताने बोटं लावली. काही नव्हतं. न्हाऊन येणाऱ्या संहिताला दारात थांबवून सांगितलं, "मेन बंद केलंय. न भिता धर."

तिने धरलं. तीनदा म्हणाली. काहीच झालं नाही.

मग जयजयकार झाला. देवीने सत्त्व राखलं, असं कोणी म्हणालं. लीलाबाई रडायला लागल्या. महाराज क्षणभर गडबडले आणि सावरले, "हमने कल ही शांत कर दिया था." मीही सुटकेचा श्वास टाकला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता गप्प बसावं. सून वाचली, लेक तिच्याजवळ राहिली, आणखी काय हवं? त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

संहिताने फ्रेम सोडली नव्हती.

"मला निर्दोष म्हणू नका," ती म्हणाली. "खाली बटण बंद आहे, मॅडमनी बंद केलंय. चालू असतं तर मी ओरडले असते आणि तुम्ही मला माझ्या मुलीपासून तोडलं असतं. मी तीच आहे, बटण तेवढं वेगळं." तिने हात काढले आणि दाराशी ठेवलेल्या रबरी चपला पायात घातल्या. "मॅडम, चालू करा."

मी केलं. इन्व्हर्टर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात महाराजांना कोणाकडे तरी जायची आठवण झाली, पण जिन्याच्या दारात संहिता उभी होती. मी टेस्टर फ्रेमला टेकवला, बारका लाल दिवा लागला. नानांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून तो दिवा पाहिला.

"आता खडावा काढा महाराज," मी म्हणाले. "आणि परत हात ठेवा."

"खडाऊ नहीं उतरती. व्रत है हमारा."

"उतरवा ना महाराज," लीलाबाई अगदी भाबडेपणाने म्हणाल्या. "तुमचं मन तर साफ आहे."

"अरे अम्मा, मर जाएंगे," परेश बोलून गेला. "करंट है उसमें."

मग बँकेतल्या त्याच गृहस्थांनी खाली जाऊन, महाराज ज्यातून आले होते त्या टेंपोवरची ताडपत्री उचलली. नर्मदेकडे निघालेले पत्रे चार दिवस झाले तरी मल्हारगंजातच होते. आमचे तीन, आणखी कोणाचे तरी आठ. तांब्याला भंगारात भाव चांगला येतो.

यानंतर जे झालं त्याची मला महाराजांपेक्षा जास्त किळस येते. दोन बायका माझ्या पाया पडायला आल्या. एकीने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे सिद्धी आहे, आमच्या घरीपण बघाल का?" नाना म्हणाले, झालं गेलं विसरून जा. लीलाबाईंनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

संहिताने चहा टाकला नाही. तिने उन्मेषला विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"हो," तो म्हणाला.

"सुरुवातीपासून?"

"हो."

ती स्वानंदीला घेऊन त्याच संध्याकाळी देवासला गेली. तिला कोणी घालवलं नाही, ती स्वतःहून गेली.

त्या आठ पत्र्यांची घरं अजून सापडलेली नाहीत. त्यांतलं एखादं तुमचं असेल. तुमच्या गच्चीवर सोलर असेल तर आजच वर जा आणि अर्थिंगची तार कुठे जाते ते डोळ्यांनी बघा. तुटलेली, लोंबकळणारी किंवा उखडलेल्या खड्ड्यापाशी संपलेली दिसली तर कशालाही हात लावू नका, मेन बंद करा आणि जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवा. चमत्कार सांगणारा आला तर त्याला कारण विचारा. आणि माहीत असूनही गप्प राहणारा माणूस घरात असेल, तर आधी त्याला बोलतं करा. संहिताच्या अंगातून करंट जाणार होता, तेव्हा उन्मेष तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.