कोरी चौकट

गुन्ह्याच्या चौकटीपाशी येऊन चंद्रशेखरची बोटं थांबली.

दुबईच्या करामा भागातल्या टायपिंगच्या दुकानात त्याने दयेचे असे अर्ज शेकड्यांनी टाइप केले होते. आजचा अर्ज मात्र त्याचा स्वतःचा होता.

आठ वर्षांपूर्वी रुवैसच्या कॅम्पमध्ये कामगारांना पाणी मिळत नव्हतं. त्यांची तक्रार याने अरबीत टाइप करून दिली आणि चाळीस दिवस आत बसला. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही, सोडतानाही नाही. तेव्हापासून दर व्हिसाच्या वेळी त्याला बाजूच्या खोलीत बसवून ठेवत. पुन्हा आत टाकलं तर असू दे म्हणून पिशवीत लुंगी आणि दातांचा ब्रश घेऊनच तो तिकडे जाई. आता, दोन हजार दोनमध्ये, जुनी प्रकरणं मिटवायचं वरून ठरलं होतं. फॉर्म मात्र एकच: गुन्हा लिहा, माफी मागा. नाहीतर यंदा व्हिसा नाही, आणि लेकीची, शर्वाणीची, दहावी तोंडावर आलेली.

"चंदूभाय, कुछ भी लिख डालो," शेजारच्या टेबलावरून शौकत म्हणाला. "खलास."

सकाळी घरी बायकोचं, कमलिनीचंही तेच म्हणणं होतं. एवढी माणसं लिहितात, तुम्हीच काय निराळे?

त्याने चौकट कोरी सोडली आणि खाली सही केली.

व्हिसाच्या कचेरीत खिडकीमागचा कारकून कोवळा पोरगा होता; तेव्हा शाळेत असेल. कोऱ्या चौकटीवर बोट ठेवून त्याने हिंदीत विचारलं, केलं काय होतंस? चंद्रशेखरने सांगितलं. पोरगा आत जाऊन जुनी फाइल घेऊन आला आणि ती तक्रार शेवटपर्यंत वाचत राहिला.

"पानी आया?"

"आया. मैं अंदर था, तब टँकर चालू हुआ."

पोराने मान वर केली नाही. पट्टी घेतली, चौकटीत आडवी रेघ ओढली आणि शिक्का मारला.

"यल्ला, अंकल. जाओ."

घरी शर्वाणीने दारातच विचारलं, "डिड दे से सॉरी, बाबा?"

"रेघ मारली," तो हसून म्हणाला. "पट्टी लावून. अगदी सरळ."

कमलिनीने शिरा केला होता. त्याने दोनदा मागून घेतला. मग पिशवीतला ब्रश काढून बेसिनवरच्या पेल्यात, दोघींच्या ब्रशांशेजारी ठेवला. लुंगी खुंटीला लावली. रिकामी पिशवी कमलिनी केराच्या डब्याकडे घेऊन चालली होती. ती त्याने तिच्या हातून अलगद घेतली, चार घड्या घातल्या आणि कपाटात, पासपोर्टांच्या खाली ठेवून दिली.