गुळव्याची पेटी

"मालकांना घिऊन या, मावशी. पेटी कुणाची, आनि आलंय कोण!" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानदाराने दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"मालक खाटंवर हायेत. डावं अंग गेलंय त्यांचं," बनाबाई म्हणाली. "तुमी वस्तू दावा की."

पाऊस नवरात्रापर्यंत लांबला होता. रानात फूल नव्हतं आणि पेटीतल्या मधमाश्या उपाशी होत्या. त्यांना पाक पाजायचं भांडं घ्यायला ती मुरगूडहून पहिल्या एसटीने आली होती. दुकानदाराने तोंड वाकडं करून पेटीच्या दारात अडकवायचं एक प्लॅस्टिकचं भांडं पुढे ढकललं.

"ह्ये न्या. समदी ह्येच नेत्यात."

"दारात पाक ठेवला तर गावभरच्या माश्या लुटायला येतील. माझी एकच पेटी हाय, त्यात ती बी अशक्त."

"मग बरणी न्या. झाकणाला भोकं पाडून उलटी ठेवायची."

"ती घरात हाय. ऊन लागलं की गळती, वासानं मुंग्या येत्यात." बनाबाईने वरच्या फळीकडे बोट केलं. "ते चौकटीएवढं अरुंद डबडं काढा. पेटीच्या आत, मधाच्या चौकटींशेजारी बसतंय ते."

"त्यात माश्या बुडून मरत्यात. मग येऊ नका भांडायला."

"न्हाय येत. भांडायला घरात हाय की माणूस."

दुकानदार हसला नाही. तीही हसली नाही.

तिचा नवरा जोतीराम गुळव्या होता. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा नुसता बुडबुडा बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा. चाळीस वर्षं आसपासच्या गुऱ्हाळांवर त्याचा शब्द शेवटचा असे, आणि घरात तर दुसऱ्या कुणाला शब्दच नव्हता. मधाच्या दोन पेट्या हा त्याचा एकुलता शौक. त्यांना बायकोने हात लावायचा नाही. बनाबाई परसदारी भांडी घासता घासता लांबून बघत राही. माश्या कधी चिडतात, कधी शांत असतात, पेटी हलकी कधी होते, हे सगळं तिला राखेच्या हातांनी कळत गेलं.

गेल्या साली त्याला लकवा झाला. जीभ तेवढी शाबूत राहिली. मागच्या खिडकीशी त्याची खाट लावली, तेव्हापासून तो तिथूनच हुकूम सोडू लागला. त्या भाद्रपदातही फुलं नव्हती. "गुळाचं पाणी घाल," तो म्हणाला. तिने घातलं. आठवड्याभरात माश्यांना हगवण लागली, पेटीचं तोंड तपकिरी डागांनी भरलं, आणि दसऱ्याच्या आत एक पेटी मुकी झाली.

"हिच्या हातानं मेली," येईल त्या पावण्याला जोतीराम सांगू लागला. चहाचा कप घेऊन ती दारात उभी असली तरी सांगे.

पुढे पंचायतीत मधमाशीपालनाचं शिबिर झालं. तिथल्या माणसाने पहिल्याच तासाला सांगितलं, की गूळ माश्यांना पचत नाही, साखरेचाच पाक द्या. बनाबाईने घरी येऊन ते सांगितलं, तर जोतीरामने उजव्या हाताने तांब्या भिरकावला. तो तिच्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीवर आदळला. त्यानंतर ती काही सांगेनाशी झाली.

कोल्हापूरहून आली त्या दिवशी तिने साखरेचा दाट पाक केला आणि गार होऊ दिला. जोंधळ्याच्या ताटाचे बोटभर तुकडे सोलले. दिवस कलल्यावर, माश्या आत परतल्यावर, तिने पदर घट्ट गुंडाळला आणि गोणपाटाच्या चिंधीचा धूर धरून पेटीचं झाकण उचललं. कडेची रिकामी चौकट काढून तिथे डबडं सरकवलं. दोन्ही बाजूंना बोटाएवढी जागा राहते का ते पाहिलं. पाक ओतून त्यावर ताटाचे तुकडे सोडले. माश्यांना बसायला ते तरंगू लागले.

"काय घालतीस गं?" खिडकीतून आवाज आला.

"साखर."

"साखर? गुळव्याच्या पेटीत साखर? अगं, मी जित्ता हाय अजून!"

"म्हणूनच इच्यारलं न्हाय."

एक माशी तिच्या मानेला डसली. तिने नखाने काटा खरवडून काढला आणि झाकण सावकाश बसवलं. पेटीचं दार तिने चिंधी कोंबून एका माशीपुरतं ठेवलं. मागे जोतीराम तिच्या आईबापापासून सुरुवात करून शिव्या देत होता. तिने भाकरी थापल्या तरी त्या चालूच होत्या.

सकाळी पाक निम्मा झाला होता. बुडालेली माशी एकही नव्हती.

आठवड्याने ती दवाखान्यात त्याच्या गोळ्या आणायला गेली. परतली तर पेटीचं झाकण तिरकं बसलेलं, दाराची चिंधी खाली पडलेली आणि माश्या भणाणलेल्या. खाटेशी अल्लाउद्दीन बसला होता. तीस वर्षं जोतीरामच्या चुलाणाला जाळ घालणारा त्याचा सोबती. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता.

"वहिनी, मला बोलू नका," तो उठत म्हणाला. "त्यो रडाय लागला. म्हणला, येवढं माझं ऐक. गुळाचं पाणी वत म्हणला."

"जावा भावजी. डंखाला चुना लावा."

तो गेल्यावर तिने डबडं उपसून बाहेर काढलं, गरम पाण्याने तीनदा धुतलं. नवा पाक केला. तिला सात ठिकाणी डंख झाले. जोतीराम खिडकीतून बघत होता, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं.

मग ती आत आली, हात पुसले, आणि खाटेचे पायथ्याचे दोन खूर धरून ओढले.

"काय करतीस? ए! ए बने!"

खाट फरशीवर करकरली. खिडकी त्याच्या डोक्यामागे गेली आणि समोर पोपडे निघालेली भिंत आली. तिच्यात एवढी ताकद कुठून आली हे तिलाच कळलं नाही. ती दम खात उभी राहिली. वाईट वाटेल म्हणून तिने थोडी वाटही पाहिली. वाटलं नाही.

तीन दिवस जोतीराम बोलला नाही. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला ती त्याला भरवायला बसली, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाला, "पेटी जड लागती का?"

"लागती."

"गुळानं बी लागली असती."

तिने वाटीतल्या दुधात भाकरीचा आणखी एक तुकडा कुस्करला.

"खाट फिरीव."

"फिरीवतो," बनाबाई म्हणाली. "आदी म्हणा, 'बने, गेल्या साली पेटी तुझ्या हातानं न्हाय मेली.'"

जोतीरामने ओठ घट्ट मिटले. तिने घास पुढे केला. तोंड उघडलं नाही. घास परत वाटीत ठेवून ती तशीच बसून राहिली. बाहेरचा उजेड गेला तरी दोघांपैकी कुणी दिव्याचं नाव काढलं नाही. वाटीतली भाकरी दूध पीत पीत फुगत गेली.