पाटलापेक्षा उंच घर

"ह्या माळात काय पिकतं, ते तुमीच सांगा पाटील," चिमाजी चावडीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. "कुसळं. आन् कुसळात दडलेली चितुरं. दुसरं काय दिसलं असंल तर मला बी दावा."

बहिरूपाटलानं सावकाश पानाची पिंक टाकली. "काळी जमीन हाय ती, चिमाजी. पैल्या परतीची. हातभर खोल. आशा जिमिनीवर घरं बांधून रयतेच्या तोंडचा घास काढायचा न्हाई, आसं कमिटीचं मत पडलं. अर्ज नामंजूर."

कमिटी म्हणजे सरकारनं गावच्या साफसफाईला नेमलेले पंच. आणि पंच म्हणजे कोण, तर खुद्द पाटील, पाटलाचा मेव्हणा, आणि पाटलानं तोंड उघडायच्या आधीच मान डोलावणारे दोघं. चिमाजी पायरी उतरला. जाता जाता म्हणाला, "काळी म्हणं. कावळा बसला असंल तेवढीच काळी."

गाव राजुरीच्या अलीकडं, ओढ्याच्या कुशीत. ओढ्याला लागून खालची आळी. प्लेग आल्यापासून तिथं दर हिवाळ्याला तीच तऱ्हा. घरात उंदीर मरून पडायचे, की लोक भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या घालायचे आणि होळीला पुन्हा त्याच ओलीत येऊन पडायचे. चिमाजीचा थोरला पोरगा गेणू त्या आळीनंच नेला. उंदीर पडलेला दिसला, पण ज्वारी भरून ठेवायची म्हणून एक दिवस उशीर केला, आणि तो एक दिवस महागात पडला. सून इंद्रायणी तान्हं पोर घेऊन आंबेगावला माहेरी गेली. व्याह्याचा निरोप आला, "वढ्याकाठच्या आळीत पोरीला पुन्हा धाडणार न्हाई. वर घर बांधा, मग न्यायला या." नातू आता चालायला लागला म्हणे. लंकाबाईनं, चिमाजीच्या बायकोनं, त्याला रांगताना सुद्धा पाहिलं नव्हतं.

माळ अर्धा चिमाजीचा, अर्धा केवलचंद शेटचा. शेटचा आजा मारवाडातून आला, गावात दुकान टाकलं आणि गावचाच झाला. दोघांनी मिळून ठरवलं होतं, माळाचे तुकडे पाडायचे आणि खालच्या आळीतल्या ज्याला पाहिजे त्याला घरापुरती जागा द्यायची. अख्खी आळी तयार होती. तयार नव्हता फक्त पाटील.

आता खरं दुखणं वेगळंच होतं. गावात आजवर कुणाचं घर पाटलाच्या घरापेक्षा उंच जाग्यावर नव्हतं. आणि माळावर उभं राहिलं की पाटलाचं परसू, परसातली मोरी, मोरीवरची धोंड, सगळं तळहातावर. उद्या खालच्या आळीची बाई माळावर शेणी थापत बसणार आणि पाटलीण गोजरबाईच्या न्हाणीची चौकशी करणार. हे पाटलाला मेल्यावरसुद्धा सहन झालं नसतं. पण असं कागदावर कसं लिहायचं? म्हणून माळ एका रात्रीत काळा झाला.

शेटनं जुन्नरला जाऊन अपील लावलं. प्रांतसाहेबाचा निरोप आला, मार्गशीर्षात दौऱ्यावर निघू तेव्हा स्वतः येऊन जागा बघू.

"बघून काय व्हनार?" चिमाजी दुकानात पोत्यावर बसून म्हणाला. "सायेब घोड्यावरनं बघनार. पाटील बाजूनं चालनार. पाटील म्हननार काळी, की सायेब म्हननार काळी. शेटजी, माझ्या डोक्यात एक हाय. मेलेला उंदीर गावला पायजे."

"कशाला?"

"पाटलाच्या पडवीत ठेवायला. सगळा गाव माळावर पळंल. पाटील बी पळंल. मंग सायबाला काय सांगनार, काळ्या जिमिनीत का झोपला म्हनून?"

केवलचंदनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "चिमाजीभाऊ, असलं माझ्या दुकानात बोलू नका. आम्ही मुंगीला साखर घालतो."

"मी मारत न्हाई वो. मेलेलाच हुडकतो."

"पण तो प्लेगनं मेला असं दाखवणं म्हणजे खोटंच ना? नाही. अपील हरलो तरी चालेल."

चिमाजीनं कपाळाला हात लावला. असला भागीदार मिळाल्यावर कोर्टकचेरी कशी जिंकायची? तेवढ्यात पडद्याआडून डाळ पाखडायचा आवाज थांबला आणि शेटची बायको कस्तुरबाई म्हणाली, "अहो, जमीन आपली, सामान आपलं. आपण चार दिवस तिकडं जाऊन राहिलो तर कुणाचा जीव जातो? आणि त्यात खोटं काय?"

चिमाजी पोत्यावरून टुणकन उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शेटच्या दारात गाडी जुंपली गेली. तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा, तागडी, वर कस्तुरबाईची पितळी भांडी. दुकानाला कुलूप लागलं. गावात उंदीर सगळ्यात आधी कुठं पडणार, तर जिथं धान्य तिथं. त्यामुळं हिवाळ्यात गावाचा एक डोळा कायम शेटच्या दुकानावर असायचा. ठकूबाई पाण्याला निघाली होती, ती घागर घेऊन तिथंच थबकली.

"शेटजी, उंदीर पडला का वो?"

"नाही हो ठकूबाई. मी तरी पाहिला नाही."

"मंग ह्ये समदं घेऊन कुठं?"

"माळावर. तिकडं हवा चांगली आहे."

"खरं सांगा."

"देवाशपथ नाही पडला."

ठकूबाईनं घागर तशीच रिकामी उचलली आणि घराकडं पळत सुटली. वाणी शपथ घेऊन नाही म्हणतो म्हणजे काय असणार? वाटेत भेटेल त्याला शेट खरं सांगत होता आणि जो ऐकेल तो घोंगडी गुंडाळायला लागत होता. दुपारपर्यंत खालची आळी माळावर, संध्याकाळपर्यंत निम्मा गाव.

चिमाजीला जरा वाईटच वाटलं. म्हातारीकोतारी थंडीत काकडत होती. तो लंकाबाईला म्हणाला, "थट्टा जरा जास्तच झाली का गं?"

लंकाबाई तीन दगडांची चूल मांडत होती. ती वर न बघता म्हणाली, "व्हऊ दे. एका सालाला तरी गाव वेळंवर हलू दे. आपन उशीर केला व्हता, आठवतं का?"

चिमाजी कुऱ्हाड घेऊन आला. लाकडं फोडायला बसला.

पाटील मात्र चावडी धरून बसला होता. शेवटी गोजरबाईच गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. "तुमी बसा चावडी राखत. मेल्यावर सरकार तुमाला पागोटं दील." ती तरातरा माळ चढली, चौफेर बघितलं आणि नेमकी सगळ्यात उंच जागा धरली, चिमाजीच्या तुकड्यात. मागून पाटील गडी आणि झोपडीच्या मेढी घेऊन आला. गडी पहार मारायला लागले. पहार मुरमावर आपटली की नुसता खणकन आवाज यायचा, खड्डा काही पडेना. गडी घामाघूम झाले.

"जरा बेतानं रं," चिमाजी दुरून म्हणाला. "काळी जमीन हाय. मेढ हातातनं निसटून आत जाईल, मंग काढायला माणूस उतरवावा लागंल."

माळभर हशा पिकला. पाटलानं ऐकलंच नाही असं दाखवलं.

पंधरवड्यानं प्रांतसाहेब आला. गावात एक लंगडं कुत्रं तेवढं भेटलं. साहेब माणसं शोधत माळावर आला. त्यानं मराठी पुण्याच्या शास्त्र्याकडून शिकलेली, त्यामुळं गावाला ती पोथीसारखी वाटायची.

"पाटील, या माळावर घरे बांधिल्यास उत्तम पीक बुडेल, असे आपण लिहिले. ते पीक कोठे आहे?"

पाटील आपल्या झोपडीपुढंच उभा होता. मागं दोरीवर त्याचं धोतर वाळत होतं. "सायेब, औंदा पाऊस जरा... मागं फिरला."

साहेब घोड्यावरून उतरला. टाच जमिनीवर दाबून पाहिली. शिपायाला घोडा बांधायची मेख ठोकायला लावली. मेख वाकली. त्यानं दुसरी ठोकली. तीही वाकली.

"हं," साहेब म्हणाला. "गावात एकूण किती उंदीर पडले?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. याला विचार, त्याला विचार, उंदीर कुणीच पाहिलेला नाही. शेवटी सगळ्यांची बोटं शेटकडं वळली. केवलचंद हात जोडून पुढं आला. "साहेब, उंदीर पडला असं मी कुणालाच सांगितलं नाही. ज्यानं विचारलं त्याला नाहीच म्हणालो. मी आपला माझ्या जमिनीत राहायला आलो."

"हे खरे?"

"खरं हाय सायेब," ठकूबाई म्हणाली. "शपथ घेऊन नाय म्हनले. म्हनून तर आमी पळालो."

साहेबानं रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता. मग पाटलाकडं वळला. "उंदीर पडल्यास तालुक्यास कळविणे हे पाटलाचे काम. आपण तपास केला काय?"

"सायेब, मी... बायकू निघाली."

"मग आता उंदीर नाही, हे कळले. आपण खाली घरी जाणार?"

पाटील हो म्हणायला तोंड उघडणार, तोच झोपडीतून पदराआडून गोजरबाई बोलली, "त्यांना जायचं तर जाऊ दे. मी न्हाई यायची. सा साल त्या कोंदट घरात माझं गुडघं दुखतंया, हितं आल्यापासनं एक दिस कळ न्हाई. हितं ऊन हाय, वारा हाय. मी तर तुळस बी लावली."

"तुळस लावली," साहेब शिपायाला म्हणाला, जणू सगळा पुरावा त्यातच आला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अपील मंजूर. घरे बांधा."

लंकाबाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. चिमाजी तिच्याजवळ गेला नाही. त्याचेही डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाजी गाडी जुंपत होता, तेव्हा पाटील आला. इकडं तिकडं बघून, आवाज उतरवून म्हणाला, "चिमाजी, ती वरची जागा. आमच्या मंडळींच्या लई मनात भरलीया. काय ठरवायचं ते ठरव."

"मी कोन ठरवनार?" चिमाजी बैलाच्या मानेखालून दोरी घेत म्हणाला. "कायद्यानं जायाला पायजे. तुमी अर्ज करा, आपन कमिटीफुडं ठेवू."

"कमिटी म्हंजे मीच की."

"मंग तर अवघडच हाय पाटील," चिमाजी म्हणाला. "ती कमिटी लई कडक हाय."

आणि गाडीत बसून तो आंबेगावच्या वाटेला लागला, सुनेला आणि नातवाला आणायला.