सुरासमोरची फुली

फुली अगदी लहान होती, मोहरीच्या दाण्याएवढी. पण तिच्या दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, नेमक्या मध्यावर एकमेकींना छेदणाऱ्या. हाताने काढलेली फुली अशी नसते — रोहिणीला वाटलं — ती थोडी कचरते, कुठेतरी जास्त दाबली जाते...

फुलीशेजारी भाग्यलक्ष्मीचं उत्तर होतं. तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांचं पीठ कशामुळे फुगतं? — सूर.

सातवीच्या विज्ञानाच्या उत्तरसूचीत रोहिणीनेच दोन शब्द भरले होते, यीस्ट आणि किण्व. मुलांनी टॅबवरून काम पाठवलं की यंत्र ते तपासून लगेच परत करी. प्रमोद सर हसत म्हणाले होते, "टीचर, आतां तुमी घरा रवात. टॅब शिकयतलो." तीही हसली होती.

त्या फुलीनंतर भाग्यलक्ष्मीचं काम वेळेवर येई, पण कोरं. नावापुढे हिरवी खूण, उघडलं की पांढरं पान. यंत्राची हरकत नव्हती — शून्य गुण, परत. शेवटी रोहिणीने आपोआप परत पाठवणं बंद केलं. तेव्हापासून सगळ्या वर्गाचं काम तिच्यापाशी अडकलं होतं.

सूर म्हणजे माडाची ताडी. फुगवणारा जीव तिच्यात असतो, ती स्वतः जीव नव्हे. शास्त्राने पाहिलं तर फुली बरोबरच. पण पेडण्याला, लहानपणीच्या घरी, आई पिठात सूर ओतून झाकण ठेवायची, आणि सकाळी ते झाकण उचललं गेलेलं असायचं... तो आंबूस वास रोहिणीने शाळेत कधी नेला नव्हता. चुलीजवळचे शब्द वेगळे, दप्तरातले वेगळे — हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती शिकली होती, आणि इतकी वर्षं फळ्यासमोर एकही शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आता ही मुलगी तेच शिकतेय, कोऱ्या पानावर... सान्नां चालतात आणि सूर चालत नाही, तर मग प्रश्न तरी घरचा कशाला विचारला मी?

मये गावातल्या शाळेच्या त्या वर्गात साईशने आजही विचारलंच, "टीचर, आमचें काम केन्ना परत येतलें?"

खिडकीपाशी भाग्यलक्ष्मीने आपला टॅब पालथा घातला होता. रोहिणीने हातातला टॅब टेबलावर ठेवला. फळ्यासमोर उभं राहून या बोलीत ती कधीच बोलली नव्हती.

"सूर बरोबर गो, बाय," ती म्हणाली. "आतां म्हाका सांग — त्या सुरांत कोण रवता?"