गंजातली पहिली मूठ

या मित्रांनो, असे जवळ या. हात लावून पाहिलंत तरी चालेल, मी कोणाच्या हाताने बाटत नाही. जातीने मी पितळ आणि कामाने गंज, म्हणजे पंगतीचा भात शिजवायचं मोठं उभट भांडं. आमगावच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांमध्ये, बसलेल्या गावाचा. वयाने मी गावातल्या सगळ्यांहून मोठा आहे आणि तोंडाने फटकळ. हा फटकळपणा काही माझा मूळचा नाही. रुक्माबाईच्या सपरीत, म्हणजे तिच्या घराच्या पडवीत, राहून राहून मला तिची जीभ लागली.

मला घडवून आणलं ते रुक्माबाईच्या सासूने. तेव्हा गावात पंगतीजोगं भांडं नव्हतं. कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले दगड, तीच आमची मातामाय. तिच्या पूजेचा भात मडक्यांमध्ये शिजायचा, आणि एखादं मडकं चुलीवर फुटलं की अर्धी पंगत कोरडी उठायची. म्हणून सासूबाई पदर खोचून घरोघर फिरली आणि मोड मागून आणली. मोड म्हणजे फुटकं-तुटकं पितळ. कोणी चेपलेला गडवा दिला, कोणी बैलाच्या गळ्यातली चिरलेली घंटी, कोणी बूड गेलेली समई. गोंड टोलीतल्या, म्हणजे गोंडांच्या वस्तीतल्या, एका म्हातारीने हातातलं कडंच काढून दिलं. बैलगाडीत घालून ती मोड भंडाऱ्याच्या कासाराकडे गेली आणि परतीच्या गाडीत मी आलो. आता माझ्या अंगातलं कोणतं पितळ कोणाच्या घरचं, हे मलाही सांगता यायचं नाही.

सासूबाईने एकच नियम घातला. गंज कोणीही न्यावा, पण घासून आणावा आणि रिकामा आणू नये. बुडाशी एक मूठ तांदूळ ठेवूनच परत करावा. ती मूठ ती माझ्या शेजारी टांगलेल्या मडक्यात टाकायची. आखाडीला, म्हणजे आषाढात रोवणीच्या, भातलावणीच्या, आधी मातामायची पूजा असते, त्या दिवशी माझ्यात आधण ठेवायचं आणि पाणी खळखळलं की त्या मडक्यातले तांदूळ आधी ओतायचे. मग बाकीचे. गावातल्या सगळ्या चुलींचा भात आधी देवीच्या पोटात गेला पाहिजे, असं तिचं म्हणणं. मरताना तिने सुनेला दागिन्यांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मडका सांभाळजो."

आणि रुक्माबाईने सांभाळला. मित्रांनो, काय दिवस होते ते! लग्नं, बारशी, तेरव्या, सगळीकडे मी. मंडईच्या जत्रेला दंडारीचे खेळ करणारे आले की त्यांची खिचडी माझ्यात. मतदानाला आलेले साहेब लोक माझ्यातला भात खाऊन शाईची बाटली घेऊन बसायचे. शाळेतलं भांडं गळायला लागलं की पोषण आहार माझ्यात शिजायचा, आणि बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर तर माझ्याशिवाय व्हायचीच नाही. मला कल्हई करायला आमगावहून जब्बारचाचा यायचे. नवसागर घातला की पांढरा धूर उठायचा, कापसाच्या बोळ्याने ते मला आतून चंद्रासारखा उजळवायचे आणि म्हणायचे, "रुक्माबाई, आपकी माताजी का गंज है, जरा हाथ जोड़ लूँ?" रुक्माबाई म्हणायची, "हात मंग जोडा, पह्यले तो कोपरा घासा. काळाच हाय."

खीर करायला मला न्यायला यायची निर्मलाबाई. दोघी एकाच उन्हाळ्यात सुना म्हणून गावात आलेल्या. एक मातामायच्या बाजूची, एक विहाराच्या बाजूची, पण बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, धुणं धुवायला दगड एकच.

"गंज दे वं रुक्माबाई. उद्या खीर हाय."

"ने. अन् मागच्या खेपेवानी बुड करपवून आणू नोको."

"तुह्या भातापेक्षा आमची करप गोड रायते."

"म्हणूनच तं मी दिवसभर राखुंडीनं घासत बसली!"

असं भांडून दोघी मला दोन बाजूंनी उचलायच्या. मी दोघींच्या मधोमध डुलत जायचो. एवढं सुख मला पुढे कोणी दिलं नाही.

रुक्माबाईची नात भूमेश्वरी एकदा माझ्या शेजारी बसून शाळेचा धडा पाठ करत होती. त्यात एक शब्द तिच्या जिभेला अडत होता.

"धर्मनिरपेक्ष म्हणजे काय वं?" रुक्माबाईने विचारलं.

"सरकार कोण्या एका धर्माचं नाही, आजी. सगळ्याइले सारखं."

"मंग येवढा जड शब्द कायले पाह्यजे? गंज म्हणा ना!"

भूमेश्वरी हसली. मीही हसलो असेन, पण पितळाचं हसू कोणाला दिसत नाही.

मग मातामायला देऊळ झालं. रुक्माबाईचा मुलगा तिलक समितीचा अध्यक्ष झाला. त्याला वाईट म्हणू नका. त्याने फरशी बसवली, नळ आणला, स्वतः उन्हात उभं राहून शेड घालून घेतली. देवीवर त्याचा जीव होता, आणि जीव असलेली माणसंच कधी कधी मूठ फार आवळतात. आखाडीच्या आधी देवळात कथा बसली. कथेला आलेल्या महाराजांनी मला विहाराकडून परत येताना पाहिलं आणि ते तिलकला म्हणाले, "देवीचं पात्र असं दारोदार फिरतं? शुद्धता राखा."

झालं. आखाडीचा भात उरकला आणि आमगावहून पेंटर आला. लाल ऑइलपेंटने माझ्या पोटावर नाव चढलं, आणि पहिल्यांदा मला बरंच वाटलं. अंगावर नाव असलेलं भांडं गावात दुसरं नव्हतं.

रुक्माबाईला वाचता येत नाही. तिने भूमेश्वरीला विचारलं, "काय लिवलं हाय?"

"मातामाय मंदिर समिती."

"समितीनं मोड देल्ती का?" ती तिलकवर कडाडली. "तुह्या समितीतले पोट्टे तवा पाळण्यातबी नोयते!"

"माय, टेन्शन नोको लेऊ. गंज देवळातल्या खोलीत सेफ राहीन."

"सपरीत कोणता वाघ खाऊन राह्यला होता त्याले?"

तिलक जवळ बसला आणि हळूच म्हणाला, "अन् देवी कोपली तं, माय? तुले चालन का?"

एवढ्यावर ती गप्प झाली. मित्रांनो, ह्या बाईला मी पाटलापुढे गप्प झालेलं पाहिलं नव्हतं, तहसीलदारापुढे नाही. पण देवीचं मन खरंच कसं आहे, हे तिला कुठं ठाऊक होतं? आपण आजवर चुकत तर आलो नाही, ही भीती तिच्या पोटात शिरली. मला उचलून नेलं तेव्हा ती सपरीत खांबाला धरून उभी राहिली.

मग निर्मलाबाईच्या नातीचं, मंजूचं लग्न आलं. निर्मलाबाई नेहमीसारखी मला मागायला आली. मी देवळाच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप. तिलक म्हणाला, "काकू, आता ते पूजेचंच भांडं हाय. समितीचा ठराव हाय."

निर्मलाबाईने तिलककडे पाहिलंही नाही. तिने रुक्माबाईकडे पाहिलं. रुक्माबाईने मान खाली घातली.

"बरं हाय बाप्पा," निर्मलाबाई म्हणाली. "देवाचं देवापाशीच राहू द्या."

लग्नाची भांडी आमगावच्या डेकोरेशनवाल्याकडून आली. रुक्माबाई लग्नाला गेली नाही, कोणत्या तोंडाने जाणार? बँड वाजत होता आणि ती सपरीत निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली होती, असं भूमेश्वरी नंतर सांगत होती. त्या दिवसापासून निर्मलाबाई त्या वाटेने येईना. बोडीला वळसा घालून जायची.

शाळेचंही भांडं पुन्हा गळालं. भूमेश्वरीने हट्ट धरला म्हणून तिलकने मला तेवढ्यापुरतं पाठवलं, पण दुर्गेश सरांनी माझ्या पोटावरचं नाव वाचलं आणि हात जोडले. "शाळा सगळ्यांची आहे. एका देवाच्या नावाचं भांडं मी इथे कसं चालवू?" मला दारातूनच परत आणलं. राग आला मला. पण त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कालपर्यंत मी नुसता गंज होतो, तेव्हा त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

तर असा मी. एकीकडे देवीचा म्हणून कोंडलेला, दुसरीकडे देवीचा म्हणून टाळलेला. खोलीत अगरबत्तीचे पुडे, कागदी पत्रावळी आणि एक पाल, एवढीच सोबत. जब्बारचाचा आले, तर समितीतला कोणीतरी बाहेरूनच म्हणाला, "इसकी कलई हम गोंदिया में करवा लेंगे." कोणी करवली नाही. माझ्या आत हिरवट डाग पडले. लोक येताजाता खिडकीतून मला नमस्कार करायचे. नमस्काराने भांड्याचं पोट भरत नाही, मित्रांनो.

वर्ष फिरलं आणि पुन्हा आखाडी आली. मला बाहेर काढलं, चिंचेने घासलं, चुलीवर चढवलं. वाजंत्री होती, बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या. आधण खळखळायला लागलं. रुक्माबाईने सपरीतून मडकं मागवलं. ते नेहमी भरलेलंच असायचं, म्हणून वर्षभर कोणी त्यात डोकावलंच नव्हतं. तिने ते हातात घेतलं आणि तिचे हात एकदम वर गेले, इतकं ते हलकं होतं. तोंडाचं फडकं सोडून तिने ते उलटं केलं. चार तुसं वाऱ्यावर गेली. बस.

मी बाहेरच गेलो नव्हतो, तर मूठ कुठून येणार होती?

तिलकने लगबगीने पोतं ओढून आणलं. "हे घे माय. चिन्नोर हाय, अस्सल वासाचा तांदूळ. एक नंबर."

"हे तुह्या घरचं हाय," रुक्माबाई म्हणाली. "गावचं कोठं हाय?"

"तांदूळ तांदूळच असते ना, माय?"

"मंग गंजबी गंजच होता. कुलूप कायले लावलं?"

बाया कुजबुजल्या, वाजंत्री थांबली. रुक्माबाई मातामायकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून वर्षभराची ती भीती उतरताना मी पाहिली. मग ती कोणालाही न सांगता काठी टेकत निघाली. "माय, कोठं चालली?" करत तिलक मागे धावला, तर म्हणाली, "येतस तं मडका धर. नाही तं मंदिर पाहत बस."

पुढचं मला भूमेश्वरीकडून कळलं. आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेली रुक्माबाई निर्मलाबाईच्या दारात उभी राहिली आणि तिने पदर पुढे केला.

"मूठभर तांदूळ दे वं."

निर्मलाबाई उंबऱ्यातच थांबली. "काऊन? तुही देवी बाटन ना?"

"नाही तं देवी उपाशी राहीन."

"मी देवी नाही मानत. तुले माहीत हाय."

"मी तुले मान म्हणाले आली का? तांदूळ मांगाले आली."

निर्मलाबाई आत गेली. तिलकला वाटलं, ती आता येत नाही. मग ती आली. तिच्या हातात फडक्याची एक लहानशी पुरचुंडी होती, पिवळ्या अक्षतांचे डाग पडलेली.

"मंजूच्या लग्नाची मूठ हाय," ती म्हणाली. "सवयीनं बाजूले काढली होती. ठेवू कोठं? गंजच नोयता."

रुक्माबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. निर्मलाबाईने पुरचुंडी तिच्या पदरात टाकली आणि म्हणाली, "आता रडू नोको, आधण आटन. अन् लग्नाले आली नाहीस, ते मी विसरली नाही. घरी ये, मंग सांगतो तुले."

तिलक मडकं हातात घेऊन उभा होता. मान खाली घालून म्हणाला, "काकू, चुकलं."

"मले सांगू नोको. जब्बारचाचाले बोलाव. गंजाची कळा पाह्यली का?"

परत येताना वाटेतल्या घरांतून बाया मुठी घेऊन बाहेर आल्या. गोंड टोलीतल्या बाया आल्या. दुर्गेश सर शाळेच्या फाटकात उभे होते. म्हणाले, "शाळेचे तांदूळ देता येत नाहीत, आजी. हे माझ्या डब्यातले आहेत." रुक्माबाई म्हणाली, "किडे नाही ना त्यात? मंग टाका."

मडकं माझ्या काठावर आलं. रुक्माबाईने आधी पुरचुंडी सोडली. अक्षतांचा पिवळेपणा पाण्यात पसरला, आणि त्यामागून गावाचा तांदूळ पडला. मी किती तरी दिवसांनी आतून ऊन झालो. खालून जाळ मोठा होता. ओल्या लाकडांचा धूर माझ्या पोटावर चढला आणि लाल नाव काजळीखाली गेलं. दुसऱ्या दिवशी तिलक ते घासायला बसला, तर रुक्माबाईने त्याच्या हातातली राखुंडी काढून घेतली. "आतून घास. बाहेरून राहू दे काळा."

आता मी पुन्हा सपरीत आहे. खोलीचं कुलूप देवळाच्या दानपेटीला लावलं आहे, तिथे ते शोभतं. बुद्धपौर्णिमेला मी विहारात जाऊन आलो आणि बुड करपवून आलो. शाळेच्या संमेलनालाही मला नेलं. दुर्गेश सरांनी माझं पोट वाचायचा प्रयत्न केला, काहीच वाचता आलं नाही, म्हणून ते खूश झाले. रुक्माबाई आता फार उठत नाही. मडक्यात डोकावायचं काम भूमेश्वरीचं आहे, आणि ती रोज डोकावते.

मित्रांनो, देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी भांडं आहे, मला त्यातलं कळत नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला पूजून कोंडू नका. त्याला न्या, त्यात शिजवा, जेवा, करपलं तर घासा. आणि परत आणताना बुडाशी आपल्या घरची मूठ ठेवायला विसरू नका. पुढच्या आखाडीला देवी सगळ्या गावच्या हातचं जेवते की एकाच घरचं, ते त्या मुठीवर आहे.